खालच्या बाजूचं नाव

धंदा काय, असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं, की माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि पुढे केलेला हात गुपचूप खिशात घालतो. ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर नावं कोरणं हा माझा धंदा. जयनगरच्या आमच्या मराठी मंडळात बायको माझी ओळख 'यांचं ग्रॅनाइटचं काम आहे' अशी करून देते. त्यात खोटं काही नाही, आणि पाहुण्यांचा फराळही गोड लागतो.

आमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर बंगळुरात आले, असं घरी सांगतात. इथलं प्रत्येक जुनं मराठी घर हेच सांगतं, तेव्हा त्या फौजेत लढणारे थोडे आणि मागून चालणारे फार असावेत. वडिलांचं दुकान चिकपेटेत होतं. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरायची, हे त्यांचं मुख्य काम. भक्तांचे पाय नावाला लागले की पुण्य मिळतं, म्हणून लोक हौसेनं कोरून घेत. पुढे देवळांना फरशीवाले मिळाले, पायऱ्या गुळगुळीत झाल्या आणि देणगीदारांची नावं भिंतीवरच्या पितळी पाटीवर गेली. त्याच सुमाराला एका ख्रिस्ती शेजाऱ्यानं आपल्या आईचा दगड वडिलांना करायला दिला. तेव्हापासून आमचं पोट त्या बाजूला लागलं ते लागलंच.

आता दुकान पुतण्या बघतो. तो कॉम्प्युटरवर अक्षरं लावतो, दगडावर अक्षरं कापलेलं रबराचं पान चिकटवतो, वाळूचा फवारा मारतो आणि चहा थंड व्हायच्या आत नाव मोकळं करतो. अक्षरं सरळ येतात, माझी तक्रार नाही. पण फवाऱ्यानं काढलेल्या अक्षराचा तळ सपाट असतो. छिन्नीनं कोरलेलं अक्षर खाली निमुळतं होत जातं आणि त्यात सावली धरून राहते. ती सावली असते म्हणून नाव लांबून वाचता येतं. पुतण्याला हे सांगितलं की तो म्हणतो, "काका, आता लांबून बघायला वेळ कुणाला आहे?" त्याचंही बरोबर असेल.

बाहेरच्यांना या धंद्याबद्दल एक गोष्ट समजत नाही. आपल्यात माणूस गेला की त्याचं सगळं पाण्यात सोडायचं. आमच्याकडे अस्थी श्रीरंगपट्टणला नेतात. नदीत सोडलं, आंघोळ केली, मागे वळून न बघता निघायचं. ह्यांच्यात माणूस तिथंच राहतो. जगाच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना हाक येणार आणि सगळे उठणार, तोवर झोपायचं. म्हणून दगडावर 'मेला' असं कुणी कोरून घेत नाही, 'झोपी गेला' असं कोरून घेतात. इतकी वर्षं तेच कोरून माझी चाल बदलली आहे. दफनभूमीत मी अजूनही पाय न वाजवता चालतो.

गिऱ्हाइकं मात्र जागी असतात. काही जण आपलं नाव जिवंतपणीच कोरून घेतात. नवरा गेला की त्याच्या नावाखाली बायकोचं नाव, जन्माचं साल आणि पुढे एक आडवी रेघ. रेघेपुढची जागा मोकळी. एका अँग्लो-इंडियन बाईंनी तर घाईघाईनं रेघेपुढे 'एकोणीसशे'चे दोन आकडेसुद्धा वडिलांकडून कोरून घेतले होते. म्हणाल्या, उरलेले दोनच तुम्ही नंतर घाला, काम वाचेल. बाई दोन हजार साल उलटल्यावरही ठणठणीत. एक दिवस काठी टेकत दुकानात आल्या आणि माझ्यावर तडकल्या, "तुझ्या बापानं मला चुकीच्या शतकात मारलंय!" दगडाची भुकटी आणि डिंकासारखा रेझिन कालवून मी ते दोन आकडे बुजवले. उन्हाच्या एका कोनात ते अजून दिसतात. बाईंना पुढे खूप आयुष्य मिळालं, आणि दर वेळी भेटल्या की माझ्याकडे रागानं बघायच्या.

दगड आमच्याकडे देवनहळ्ळीच्या बाजूच्या खाणींतून येई. घेण्याआधी हातोडीनं वाजवून बघायचा. चांगला दगड भांड्यासारखा नाद देतो, आत भेग असली की आवाज दबतो. कान तयार झाला की डोळे मिटूनही दगड निवडता येतो. जुन्या थडग्यावर नवं नाव घालायचं तर दगड हलवत नाहीत, तिथंच बसून कोरावं लागतं. खाली माती खचून पोकळी झालेली असते, त्यामुळे प्रत्येक घावाचा आवाज खाली जाऊन परत येतो. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पोकळी म्हणजे पोकळी, असं स्वतःला समजावत मी काम करायला शिकलो.

खड्डे खणणारा मुनियप्पा मात्र असं काही समजावून घेत नसे. तो बाप्तिस्मा घेऊन जोसेफ झाला होता, पण त्याच्या बायकोखेरीज सगळे त्याला मुनियप्पाच म्हणत. वर्षातला एक दिवस तो कुदळीला हात लावत नसे. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार. मला मात्र त्याच दिवशी जास्त काम, कारण ईस्टरच्या पहाटे घरची माणसं फुलं घेऊन येतात आणि त्याआधी नाव पुरं व्हायला हवं असतं.

"राव, आज ठोकू नका," तो कानडीत म्हणायचा. "आज खाली स्वामी आलेत."

मी तिथल्या चर्चच्या फादर इग्नेशियसना विचारलं. फादर मंगळूरचे. त्यांची कोंकणी आणि माझं मराठी एकमेकांना पुरेसं कळे. ते हसले नाहीत. म्हणाले, "मुनियप्पा बरोबर सांगतो. शुक्रवारी येशू मेला, रविवारी उठला. मग शनिवारी कुठं होता? आमच्या श्रद्धेच्या प्रार्थनेत आहे, तो खाली मृतांच्या लोकात उतरला. त्याच्या आधी जन्मून मेलेले, ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्याकडे गेला. चर्चमध्ये बघा, आज वेदीवर कापडसुद्धा नाही. घरधनी बाहेर गेलाय."

घरधनी बाहेर, म्हणजे आपल्या पायांखाली. त्या शनिवारी मी हत्यारं लवकर आवरली, हे कबूल करतो.

मार्थाअक्का माझ्याकडे आल्या त्या नवऱ्याच्या दगडासाठी. नवरा आरोग्यस्वामी, तमिळ कॅथलिक, कारखान्यात फोरमन होता. बाई कानडीत बोलत होत्या. मधेच मला बायकोचा फोन आला, मी दोन वाक्यं मराठीत बोललो, आणि बाईंचा चेहरा बदलला.

"अण्णा, तुम्ही आमच्यातले हाय की!"

त्या जन्माच्या मंजुळा. चिकपेटेतल्याच शिंप्याची मुलगी. लग्नात मार्था झाल्या. घरात आता मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून माझ्याशी बोलायला त्या दगड तयार झाल्यावरही येत राहिल्या. बाईंच्या बोलण्यात सगळ्या वाटा शेवटी आईकडे जात. आई तुळसाबाई. मुलीनं दुसऱ्या धर्मात लग्न केलं तेव्हा रडली, आणि विधवा झाल्यावर त्याच मुलीच्या घरी राहायला आली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचे देव, दिवाणखान्यात जावयाचा येशू. नातू डॅनियल तिच्याच मांडीवर वाढला. रविवारी त्याला ती चर्चपर्यंत न्यायची, आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली त्याच्या चपला सांभाळत बसायची. आत कधी गेली नाही. कुणी बोलावलंही नाही.

"एक दिवस जेवताना मला म्हणाली," अक्का सांगत होत्या, "'मंजू, मेल्यावर तू तुज्या सर्गात जाणार. तिथं मला आत सोडतील का गं?' मी भाकरी वाढत होते. मी म्हटलं, 'अमेले बघू, अम्मा.' हातात भाकरी होती की, अण्णा. अमेले बघू म्हटलं. मग ती गेली. ते अमेले आलंच न्हाई."

अमेले म्हणजे कानडीत 'नंतर'. आम्ही इथली मराठी माणसं दिवसातून दहादा म्हणतो. बाईंना तो शब्द उच्चारताना मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

तुळसाबाईचं सगळं हिंदू पद्धतीनं झालं. भावाच्या मुलानं अग्नी दिला, अस्थी नदीत गेल्या. आणि मार्थाअक्का अडकल्या. एकाच प्रश्नात. आपण आईला येशू कधी सांगितला नाही, आता ती कुठं असेल?

घरात याचं उत्तर तयार होतं. डॅनियल मोठा होऊन एका नव्या प्रार्थनासभेत जायला लागला होता. तिथल्या पाळकाचं म्हणणं सरळ होतं. ज्यानं येशूला स्वीकारलं तो वाचला, बाकीचे गेले. डॅनियल वाईट मुलगा नव्हता. तो आईला हे सांगायचा तेव्हा त्याचाच आवाज फुटायचा. पण सांगायचा. अक्का फादरकडे गेल्या. फादर म्हणाले, "ज्या माणसाला तो त्याच्या काही दोषाशिवाय कळलाच नाही, पण जो मनानं चांगल्याच्या मागे राहिला, त्याला दार बंद आहे असं आमचं चर्च म्हणत नाही. देवानं आम्हाला बाप्तिस्म्यासारखे संस्कार दिले, पण स्वतःला त्यात बांधून घेतलं नाही."

"म्हणजे ती आत हाय?"

"आशा ठेवायची परवानगी आहे. यादी माझ्याकडे नसते, अक्का."

आशेवर बाईंचं भागेना. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, आणि बाईंना तर तो मरायच्या आधी तपासून बघायचा होता. त्यांनी विनंती केली की नवऱ्याच्या दगडावर एका कोपऱ्यात आईचं नाव घालू द्या. फादरांची हरकत नव्हती, पण दफनभूमीची कमिटी ऐकेना. जो इथं पुरला त्याचंच नाव, आणि बाप्तिस्मा झालेल्याचंच. स्वर्गाचे नियम सैल असतील, कमिटीचे नसतात.

दगड बसवायच्या आदल्या आठवड्यात अक्का दुकानात आल्या. ओंडक्यांवर आडव्या ठेवलेल्या दगडाभोवती एक फेरी मारली. वरची बाजू आरशासारखी घासलेली, खालची खाणीतून आली तशी ओबडधोबड. वाकून त्यांनी खालच्या बाजूवर हात फिरवला.

"अण्णा, कमिटीचा नियम वरच्या बाजूचा हाय ना?"

मला आधी कळलंच नाही.

"अम्माचं नाव हितं घाला. खाली. मातीकडं तोंड करून. वरचं लोक वाचतात. तो शनिवारी खाली असतोय म्हणतात. खालून वाचेल."

मी एक दिवस मागून घेतला. घरी बायकोला सांगितलं, तर ती पोळपाट सोडून उठलीच. म्हणाली, "त्या बाईचं तेराव्यापर्यंत रीतसर झालंय. मोकळी झालेली बाई ती. तिचं नाव दुसऱ्याच्या थडग्याखाली पुरणार? पाण्यात सोडलेल्याला दगडाला बांधायचं म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?" मला कळत होतं. म्हणूनच तर झोप लागली नव्हती. एका बाजूनं नाव लावणं म्हणजे बोलावणं, दुसऱ्या बाजूनं नाव लावणं म्हणजे अडकवणं, आणि नाव लावणार मी.

पण दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या होत्या, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

खालची बाजू कोरायची तर आधी तेवढा तुकडा टाकीचे घाव घालून सपाट करावा लागतो. मी अक्कांना विचारलं, अक्षरं मराठी की कानडी?

"तिला दोन्ही वाचता येत न्हवतं. मराठी घाला."

"डोकं कुठल्या बाजूला?"

"त्याला सगळीकडनं येतंय वाचता."

"वर क्रूस काढू?"

बाईंनी पुन्हा दगडावर हात फिरवला. दुकानापुढच्या गडग्यावर मांजर येऊन बसलं, गेलं. मग म्हणाल्या, "नको. तिला विचारलं न्हाई."

तर नुसतं नाव. तुळसाबाई. कुणी वाचू नये अशा जागी अक्षर कोरायची ती माझी पहिलीच वेळ. तरी नेहमीसारखीच कड धारदार ठेवली, तळ निमुळता ठेवला. सावली तिथं काय करणार होती देव जाणे, खाली तर सगळी सावलीच. दगड बसवताना मुनियप्पाच्या लक्षात आलं. त्यानं वाचलं नाही, त्याला मराठी येत नव्हतं. पण पहारीवर जोर देता देता माझ्याकडे बघत राहिला आणि पहिल्यांदाच मजुरीबद्दल न कुरकुरता गेला.

पुढच्या वर्षीचा तो शनिवार मी विसरणार नाही. भर दुपार, चांगलं ऊन. आरोग्यस्वामींच्या शेजारच्या थडग्यावर मला एक नाव वाढवायचं होतं. मार्थाअक्का नवऱ्याच्या दगडाच्या कडेला चटई टाकून बसल्या होत्या, छत्री उघडून. चर्चची घंटा त्या दिवशी वाजत नाही. रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा लांब वाटत होते.

मी कोरायला लागलो. घाव घातला की आवाज खाली जायचा आणि परत यायचा, नेहमीसारखा. टक, आणि खालून टक. मग छिन्नीला धार करायला मी थांबलो. खालचा आवाज थांबला नाही.

घाईनं नाही. कुणी विचार करत बोटानं टेबल वाजवावं तसा, थांबून थांबून. माझ्या दगडातून नव्हता येत, शेजारच्या दगडातून येत होता. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी छत्री खाली ठेवली होती आणि तळवा दगडावर टेकला होता.

"तुम्हाला बी येतोय ऐकू?" त्यांनी विचारलं. आवाजात भीती नव्हती, संकोच होता. दारात पाहुणा आला आणि घर आवरलेलं नाही, अशा वेळी बाईमाणसाच्या आवाजात असतो तसा.

मी माती खचत असेल म्हणालो. ऊन लागलं की दगड फुगतो, असंही काहीतरी म्हणालो. दोन्ही खरं आहे, फुगतो दगड. पण दगडाचे आवाज ओळखण्यावर माझं आयुष्य गेलं आहे आणि तो आवाज दगडाचा नव्हता. थोड्या वेळानं तो आपोआप थांबला. मी ते नाव अर्धवट सोडून घरी गेलो. बायकोनं मागच्या दारी बादली ठेवलेली असते, कबरीवरून आल्यावर अंघोळीसाठी. त्या दिवशी ती अंगावर ओतली तरी बरं वाटेना. ईस्टरच्या पहाटे त्या थडग्याच्या घरच्यांनी मला अर्ध्या नावाबद्दल जे काही ऐकवलं ते मी निमूटपणे ऐकून घेतलं.

अक्कांनी मला नंतर एवढंच विचारलं, "अण्णा, ती दार वाजवत असेल, का तो वाजवत असेल?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी बाहेरचा माणूस. येशूचं नाव माझ्याइतकं कुणी हातानं लिहिलं नसेल, पण तो मला कळला की नाही, हे मला आजही सांगता यायचं नाही. त्यावर बाई हसल्या. "मग तुमचं बी नाव घालायला जागा ठेवा खाली," म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

मार्थाअक्का काही वर्षांनी गेल्या, झोपेत, कुणाला त्रास न देता. इथं जागा इतकी कमी की नवरा-बायकोला एकाच कबरीत ठेवतात. आधीचा दगड उचलायचा, खणायचं, पुन्हा दगड बसवायचा. दफन दुपारी होतं, म्हणून सकाळीच आम्ही जमलो. मी, मुनियप्पा आणि त्याची दोन माणसं, फादर आणि डॅनियल. डॅनियलला खालच्या नावाची काहीच कल्पना नव्हती. मला वाटलं होतं, दगड सरकवून बाजूला ठेवू, कुणाला दिसणार नाही. पण एका कडेची माती खचलेली होती. दगड सरकेना. पहारी लावून उभा करावा लागला आणि झाडाला टेकवून ठेवला, खालची बाजू आमच्याकडे करून.

माती, मुळ्या, गांडुळांच्या वाटा, सगळी बाजू काळपट झाली होती. फक्त नावाचा तेवढा तुकडा स्वच्छ होता. मातीचा कण नाही. मी जवळ गेलो आणि अक्षरांवर बोट टेकवलं.

अक्षरं झिजली होती.

ग्रॅनाइट आहे तो. पावसानं झिजत नाही, मातीनं झिजत नाही. इतक्या थोड्या वर्षांत तर नाहीच. मी कोरलेली धारदार कड जाऊन ती रोज वाटण वाटलेल्या पाट्यासारखी गोल गुळगुळीत झाली होती. असा दगड मी देवळांच्या पायऱ्यांवर बघितला आहे, जिथं पिढ्यान् पिढ्या पाय लागले. आणि थडग्यांवर, जिथं घरची माणसं येता-जाता नावाला हात लावतात. हात लागून झिजलेला दगड मला ओळखू येतो. पहिलं अक्षर सगळ्यांत जास्त गेलं होतं, शेवटचं त्या मानानं ठसठशीत होतं. म्हणजे हात सुरुवातीपासून फिरवला होता. आपण वाचताना बोट फिरवतो तसा.

की अंधारात कुणी दाराची कडी चाचपावी तसा? बायकोचे शब्द माझ्या कानात होते. कुणीतरी खालून तिचं नाव वाचत होतं, की तीच खालून बाहेर पडायला जागा शोधत होती, हे झिजेवरून कळत नाही. झीज दोन्हीची सारखीच असते.

फादरांनी नाव वाचलं. देवनागरी त्यांना येते. ते माझ्याकडे वळले. "अक्कांनी?"

"हो."

"बाप रे," फादर म्हणाले, आणि मग थोड्या वेळानं, "कमिटी खाली उतरत नाही म्हणा."

डॅनियल पुढे आला. शाळेत हिंदी शिकलेला, त्यानंही वाचलं.  तो कानडीत बोलायला लागला, हळू, शब्द जपून. "राव, हे काढून टाका. आईला ठेवायच्या आधी. आईच्या अंगावर हे नाव नको."

"डॅनियल," फादर म्हणाले.

"फादर, मी आजीसाठी जितका रडलोय तितकं इथं कुणी रडलेलं नाही. तिनं मला वाढवलं. पण मला वाटतं म्हणून ते खरं होत नाही. ती त्याला न ओळखता गेली. दगडावर नाव घालून आपण स्वतःला फसवतोय. आईनं स्वतःला फसवलं."

"ती त्याला ओळखत नव्हती, हे मान्य," फादर म्हणाले. "तो तिला ओळखत नव्हता असं तुझं म्हणणं आहे का?"

डॅनियलनं फादरांकडे पाठ केली. मला म्हणाला, "तुम्ही काढा."

काढणं अवघड नव्हतं. झिजलेलं अक्षर, चार हात फिरवले की सपाट. मी हत्यारांची पिशवी उघडली. घरचा माणूस सांगेल ते करायचं, हा धंद्याचा नियम. आणि खरं सांगतो, मलाही त्यातून सुटायचं होतं. पण काम सुरू करायच्या आधी त्याला दाखवणं भाग होतं. मी म्हटलं, "आधी हात लावून बघा. हे मी असं कोरलं नव्हतं."

त्यानं हात लावला. नुसतं बोट टेकवलं आधी, मग तळवा. मी त्याला झिजेचं सगळं सांगितलं, कड कुठं गेली, हात कुठून फिरला. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याचा हात त्या नावावरून फिरत राहिला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पुन्हा सुरुवातीपासून. मुनियप्पानं डोक्याचा रुमाल काढला.

"हे अजून किती टिकेल?" डॅनियलनं कानडीतच विचारलं.

"असंच झिजत राहिलं तर फार नाही."

"मग?"

"मग काही नाही. दगड साफ."

तो खाली बसला, ओल्या मातीत, काळ्या पँटची पर्वा न करता. मोठा माणूस, देवाच्या कामाला लागलेला, केस पिकायला लागलेले. चपला सांभाळणाऱ्या म्हातारीचा नातू.  फादर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत, आणि मला त्या दिवशी फादर आवडले.

मग डॅनियल बोलला. मराठीत. इतक्या वर्षांत त्याचं मराठी मी ऐकलं नव्हतं. ते लहान मुलाचं मराठी होतं, आजीच्या मांडीवर जिथं थांबलं तिथंच थांबलेलं.

"अण्णा, पुसू नका. स्वल्प खोल करा."

"किती खोल?"

"मी खाली येईपर्यंत पुरायला पाहिजे."

मी जाड छिन्नी काढली आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. फादर प्रार्थनेच्या तयारीला गेले. डॅनियल मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत दगड धरून उभा राहिला.